दाखला

गुजरातीत दाखला म्हणजे गणित.
आपल्या मराठीत दाखला म्हणजे कागद,
जन्माचा, जातीचा, शाळा सोडल्याचा,
खाली गोल शिक्का.
सगळा जन्म बडोद्यात गेला, तरी
हे दोन्ही अर्थ एकमेकांना भेटलेले
मी परवा पाहिले, संगणकाच्या खोलीत.

तसनीम समजावत होती:
अकरा शाळा, अकरा यंत्रं, आणि वही एकच.
कुणी उदाहरण घालेल, कुणी आकृती सुधारेल,
कुणी मराठीतलं गुजरातीत नेईल,
सगळं नावानिशी, तारखेनिशी.
ब्लॉकचेन म्हणतात, बेन.
प्रत्येक पानावर मागच्या पानाचा अंगठा.
मागे कुणी एक काना जरी हलवला
तरी पुढचे सगळे अंगठे खोटे पडतात
आणि अकराही वह्या बोंब मारतात.

खोडरबर?
नाही.
हेडमास्तरांकडे तरी?
ती नुसती हसली.

मी माझी जुनी फाइल काढली.
दांडिया बाजारची शाळा, सायक्लोस्टाइलचा कागद,
इयत्ता सहावी, काळ-काम-वेग, चौथं गणित:
काळा घोडा पुलाखालून सकाळी सात दहाला
एक मगर निघाली, ताशी चार किलोमीटर.
सहा किलोमीटरवर मुजमहुडा.
ती किती वाजता पोचेल?

तीस वर्षं हे गणित हिंडतंय.
पादऱ्याला गेलं, डभोईला गेलं,
एका गाइडात छापून आलं, तिथे मगरीची होडी झाली.
तेव्हा मी किती चिडले होते!
आता रीतसर चौकट समोर होती.
लेखक: मृणालिनी फणसे.
बटण दाबलं. कडी बसली.
कडी बसल्याचा आवाजही होत नाही हल्ली.

रात्री शनाभाई आठवला.
यंत्राची मूठ फिरवणारा, कोपरापर्यंत काळा.
पगारपत्रकावर अंगठा उठवायला
त्याला शाईचं पॅड लागत नसे.
कागद मोजता मोजता म्हणाला होता,
बेन, रोज रोज आगगाडी शुं?
मगरनो दाखलो बनावो ने,
छोकरां जागशे.
मी हसले होते. मग स्टेन्सिलवर लिहिलं होतं.
त्याचं नाव घालावं हे
मनात येऊन मागे सारलं, असंही नाही.
मनात आलंच नाही.

सकाळी तसनीमला म्हटलं, ते काढ.
निघत नाही, बेन. खाली दुसरी कडी जोडा.
आणि वरचं?
वरचं राहतं.
दिसतं?
अकरा शाळांत.

निवृत्तीला दोन महिने राहिलेली बाई
खुर्चीवर जरा वेळ बसून राहिली.
बाहेर मधली सुट्टी झाली, भरली.
मग मी लिहिलं:
दुरुस्ती. मगर शनाभाई सोमाभाई परमार यांची.
माझे फक्त आकडे.

वाटलं होतं, लाज वाटेल.
वाटली. पण ती आता तारखेसह
कुठेतरी ठेवलेली आहे,
मला एकटीला सांभाळायची नाही.

शुक्रवारी तिसरी कडी आली, वाघोडियाहून.
ध्रुवी राठवा, सहावी ब:
मगर वाटेत काठावर ऊन खायला थांबते.
तो वेळ धरलेला नाही.

आठ चाळीस.
तीस वर्षं या उत्तराला मी पूर्ण गुण दिले.
तसनीम म्हणते, थांबण्याचा वेळ भरा, बेन,
चौकट रिकामी दिसते.
मला कुठे ठाऊक, मगर किती वेळ ऊन खाते?
ज्याला ठाऊक होतं
त्याला कधी विचारलं नाही.